मारबत, सिमेंट रोड आणि आपलं नागपूर

पिनकोड४४०

काल मारबतीची मिरवणूक पाहून आलो आणि अजून कानात संदलचे ढोलच वाजून राहिले आहेत, म्हणून झोपायच्या आधी लिहून टाकतो, लांबलं तर माफ करा.

आधी पार्श्वभूमी. बरीच वर्षं पुण्यात काढून मागच्या वर्षी नागपूरला परत आलो. मिहानमध्ये नोकरी, आईचे गुडघे, नेहमीचंच. लोकांना 'घरी परत आलो' म्हणून सांगत होतो पण खरं म्हणजे शहर काही ओळखच देईना. महालातलं घर भावकीत विकून झालेलं, आम्ही मनीषनगरला फ्लॅटमध्ये. घराचा जो ओटा होता, ज्याच्यावर आजोबा संध्याकाळी पेपर घेऊन बसायचे, तो आता सिमेंट रोडच्या खाली गेला आहे, म्हणजे रस्ता इतका वर आला की पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून घरात येते. समोरचा कडुनिंब नाही. जिकडे पाहाल तिकडे पूल, नाहीतर पुलाचे खांब, नाहीतर खांबासाठी खोदलेला खड्डा आणि त्याभोवती पत्रे. ओळखीची माणसं बेसा, हुडकेश्वर, वाडी अशी पांगलेली, भेटायचं म्हटलं की मॉलमध्येच भेटून राहिले. मी वर्षभर फक्त कुरकुर केली. बायको (ती साताऱ्याची) एकदा म्हणाली, तुला नक्की कुठे राहायचंय ते ठरव, पुण्यात असताना नागपूर नागपूर करायचास आणि इथे आल्यावर नागपूरला नावं ठेवतोस.

तर काल आई म्हणाली, मला चालवत नाही, तू जाऊन पिवळ्या मारबतीच्या पाया पडून ये. शनिवार होता म्हणून गेलो, नाहीतर टाळलंच असतं. उज्ज्वलनगरला मेट्रोत बसलो, सीताबर्डीला गाडी बदलली, सीए रोडवर उतरलो. डब्यात अर्धे लोक मारबतीलाच निघाले होते, एक आजी नऊवारीत आणि हातात लेकराचं अंगडं, दोन पोट्टे तोंडाला रंग फासून. वर्धा रोडचा तो ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल, खाली रस्ता, वर रस्ता, त्याच्यावर मेट्रो, आणि मेट्रोत मारबतीची गर्दी. मला हसूच आलं.

इतवारीत शिरलो आणि पुढचे तीन-चार तास कुठे गेले कळलं नाही. भांडे ओळीपासूनच गर्दीने उचललं. आधी बडग्ये, एकामागे एक. टॅरिफवरून ट्रम्पचा बडग्या होता (व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल), पाकिस्तानचा होता, महागाईचा होता, तो तर दरवर्षी असतोच. पाट्यांवरची भाषा इथे देऊ शकत नाही, ऍडमिन धागा उडवतील. मग पिवळी आली. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावणारी उंच, हळदीसारखी पिवळीधम्मक, गळ्यात माळा, आणि तिच्या पुढे एक पोरगा. बारीकसा, हाफ पँट, हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधलेली. त्याचं काम एकच, गल्लीत वर जेवढ्या वायरी लटकलेल्या तेवढ्या उचलायच्या. केबल, इंटरनेट, विजेच्या, कुणाच्या तरी दिवाळीच्या लाइटिंगच्या राहिलेल्या. तो वायर उचलणार, मागून कुणीतरी 'जाऊ दे' म्हणून ओरडणार, मारबत मान न वाकवता खालून जाणार, की हा पळत पुढच्या वायरीकडे. मी मारबतीपेक्षा त्यालाच पाहत चाललो. एका ठिकाणी वायर निघेचना तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून झाडूचा दांडा काढून उचलून धरली, आणि तेवढ्यातच खालच्या पोट्ट्यांना चार शब्द सुनावले.

नेहरू पुतळ्यापाशी काळी-पिवळीची गळाभेट झाली तेव्हा जे 'घेऊन जाय गे मारबत' सुरू झालं, त्यात मी पण होतो. घसा बसला आहे. काय काय घेऊन जा म्हणालो ते विचारू नका, त्यात ओट्यावर चढलेला सिमेंट रोड होता, मॅनेजर होता, बरंच काही होतं.

आणि येताना एकदम जाणवलं की मला या शहराचा राग येत नाहीये. का ते नीट सांगता येत नाही. तुम्हाला असं होतं का?

इतवारीकर

सांगता येत नाही म्हणता अन् एवढं लिहिलं भाऊ 😀

तो बांबूवाला पोट्टा आमच्याच गल्लीतला आहे. त्याच्या आधी त्याचा मोठा भाऊ करत होता तेच काम. फार मानाचं असते, कोणालेही नाही देत, वायर तुटली तं आख्ख्या गल्लीचं इंटरनेट जाते अन् लोक मारबत सोडून त्यालेच जाळतील.

सदाशिव_पेठी

लेख छान. पण आम्हा बिगर-नागपूरकरांसाठी कुणी मारबत म्हणजे नक्की काय ते सांगेल का? होळीसारखं काही का? आणि बडग्या म्हणजे?

इतवारीकर

घ्या. पुण्याला नाही माहीत म्हणजे जगाला नाही माहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा, बडग्या म्हणजे माणसाचा. बांबू, तणस म्हणजे पेंढा, बोरा म्हणजे पोतं, कागद, रंग. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून, तेली समाजाची. गावातली सगळी इडा पिडा, रोगराई, खासी खोकला तिच्यावर टाकायचा, वाजत गाजत फिरवायची अन् शेवटी नेऊन जाळायची. बडग्ये म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर राग असन तो. नेता असो, भ्रष्टाचार असो, खड्डा असो. गल्लीगल्लीचे वेगळे. कोणाले विचारायचं नाही, परवानगी घ्यायची नाही, शिव्या द्यायच्या. संध्याकाळी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, त्याईले बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, द्यायचा. झालं.

अन् होळीसारखं नाही होय. होळीत आपण आपल्यातच खेळतो.

वैनगंगा

आमच्या भंडाऱ्याकडे गावात पुतळा एवढा मोठा नसतो पण मारबत असतेच. आमच्याकडे तिला पूतना मावशी म्हणतात, कृष्णाला दूध पाजायला आलेली ती. पोळ्याला दाराशी पळसाची फांदी लावायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती उचलून, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवून, 'ढेकूण मोंगसा घेऊन जाय गे मारबत' असं ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकायची. आम्ही पोरं तर शेजारच्या मास्तरांचं नाव पण घालायचो त्यात. मास्तर दारात उभे राहून ऐकायचे आणि शाळेत काही बोलायचे नाहीत. त्या एका दिवसाची सूट होती.

नागपूरची मी लग्नानंतर पाहिली. पहिल्यांदा तर भीतीच वाटली, एवढी गर्दी. पण बाळ झाल्यावर सासूबाईंनी मुद्दाम नेलं आणि बाळाला मारबतीच्या पायाशी लावलं. जिला थोड्या वेळाने जाळणार तिच्याच पायाशी लेकरू ठेवायचं, हे मला अजून पूर्ण कळलेलं नाही, पण त्या वेळी बरं वाटलं होतं.

कागदोपत्री

इतवारीकरांनी काळ्या मारबतीचा इतिहास सांगितला नाही म्हणून भर घालतो.

काळी मारबत म्हणजे बाकाबाई असं नागपुरात सर्रास सांगतात. भोसल्यांची राणी इंग्रजांना मिळाली, म्हणून लोकांनी तिचा पुतळा जाळायला सुरुवात केली. ही गोष्ट मला फार एकतर्फी वाटते. बाकाबाई दुसऱ्या रघुजींची राणी. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले गादीवरून गेले, मग इंग्रजांनी तिसऱ्या रघुजींना लहान वयात गादीवर बसवलं तेव्हा राजवाड्याचा कारभार तिच्याकडे आला. १८५३ च्या डिसेंबरात हे रघुजी वारले, मूल नव्हतं, डलहौसीने १८५४ ला राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातले दागदागिने, हत्तीघोडे लिलावात काढले. तेव्हा त्याविरुद्ध धडपडणाऱ्यांत हीच म्हातारी पुढे होती. १८५७ ला मात्र ती इंग्रजांच्या बाजूला राहिली, हेही खरं. १८५८ ला वारली.

आता हिशेब करा. ती गेल्यावर तेवीस वर्षांनी १८८१ ला काळी मारबत सुरू होते. म्हणजे ज्यांनी पहिला पुतळा उभा केला त्यांतल्या पोरांनी तर तिला पाहिलंही नसेल. माझा अंदाज, मारबत आधीपासून गावोगावी होतीच (वर वैनगंगा यांनी लिहिलं तशी), नागपुरात तिच्यावर बाकाबाईचं नाव चिकटलं, कारण त्या काळात इंग्रजांना उघड शिव्या देता येत नव्हत्या, मेलेल्या राणीला देता येत होत्या. हा निव्वळ अंदाज आहे, अंगावर येऊ नका.

इतवारीकर

भाऊ पोथी चांगली वाचली पण आमच्या गल्लीत कोणी बाकाबाईसाठी येत नाही. लेकराले ताप येते म्हणून येतात, नवस असते म्हणून येतात, अन् पोट्टे नाचाले येतात. बाकाबाई टीव्हीवाल्याईले सांगाले असते.

कागदोपत्री

तेच तर म्हणतोय मी!

चिंच_बोर

मी जरा पाणी ओतते या कौतुकावर.

माझं माहेर हंसापुरीत. मारबत मी गच्चीवरून पाहिली आहे, सगळी वर्षं गच्चीवरूनच, कारण खाली उतरायची सोय नव्हती. भाऊ खाली, आम्ही बहिणी वर. कॉलेजात असताना हट्टाने एकदा उतरले मैत्रिणीसोबत आणि गर्दीत जे हात लागले ते आयुष्यभर लक्षात राहतील असे. त्या बडग्यांच्या पाट्या पण बघा जरा. राग महागाईवर असतो आणि शिवी आईबहिणीवरून. पिनकोडसाहेबांना घसा बसेपर्यंत ओरडून मोकळं वाटलं, छान झालं, पण ही मोकळीक अर्ध्या गावालाच आहे हे पण लिहा की.

वर डीजे. संदल होतं तोवर तरी कानाला झेपत होतं, आता ते भिंतीएवढे स्पीकर येतात, माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आहे, त्या दिवशी त्यांना आम्ही सरळ बहिणीकडे प्रतापनगरला नेऊन ठेवतो. आणि थर्माकोल जाळतात त्याचा धूर वेगळाच.

पिनकोड४४०

चिंच_बोर, मान्य. माझ्या डोळ्यासमोरून पाट्या गेल्या आणि मी हसलो, त्या पाट्या वाचणारी बाजूला कोण उभी आहे ते पाहिलं नाही. गच्च्यांवर फक्त बायका होत्या हे आता तुम्ही लिहिल्यावर डोळ्यासमोर येतंय.

इतवारीकर

वैनी तुमचं खोटं नाही. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या लोकाईनं दम दिला होता या वर्षी की पाटी आधी दाखवायची. तं पोट्ट्याईनं एक पाटी दाखवाले केली अन् एक मिरवणुकीले. काय करता. डीजेचं म्हणसान तं आम्ही संदलच लावतो, डीजे परवडत पण नाही. थर्माकोलचं मुंडकं आमच्याकडे नाही चालत, मडकं उलटं घालून त्याच्यावर कागद लावतो, त्याचे डोळे चांगले निघते.

ऑरेंजबर्फी

विषयांतर पण राहवत नाही. २०२३ ला १५ सप्टेंबरला मारबत निघाली, सगळी इडा पिडा घेऊन गेली, आम्ही पण ओरडलो. आणि २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी घराघरात. आमच्या तळमजल्याचा सोफा शेजाऱ्याच्या अंगणात सापडला. मारबतीने नेलेलं सगळं परत आणून दिलं काय?

इतवारीकर

ते वेगळं डिपार्टमेंट आहे. मारबत खासी खोकला पाहते, नदीचं काम तिच्याकडे नाही.

ऑरेंजबर्फी

😂😂 बरोबर. पुढच्याच वर्षी आमच्या सोसायटीच्या पोरांनी तळमजल्यावरच्या चिखलाचा बडग्या केला होता, छोटासा. गाळात रुतलेली गाडी आणि वर बसलेला साहेब. साहेब कोण ते लिहिलं नव्हतं, गरजच नव्हती. पश्चिम नागपुरात मारबत वगैरे कोणी करत नाही हो, पण पोरं म्हणाली करायचाच. सोसायटीच्या व्हॉट्सऍप ग्रुपवर तीन दिवस भांडण, 'आपलं कल्चर नाही', 'पार्किंगमध्ये जाळू नका', शेवटी मैदानात नेऊन जाळला आणि सगळे खाली उतरले, ज्यांनी विरोध केला ते आधी. पुरानंतर पहिल्यांदाच आम्ही सगळे शेजारी एका जागी उभे होतो. तोवर लिफ्टमध्ये भेटलो की विम्याचंच बोलणं.

सदाशिव_पेठी

हे फार आवडलं. एक विचारतो, रागावू नका. पिनकोड यांना शहराबद्दल पुन्हा जिव्हाळा वाटला तो जुनं काहीतरी टिकलं म्हणून का? आमच्या पेठांतही गणपतीत तसंच होतं, वाडे गेले, टॉवर आले, माणसं कोथरूड-बावधनला गेली, पण विसर्जनाच्या दिवशी सगळे लक्ष्मी रोडवर हजर. मला मात्र त्यात हल्ली उदास वाटतं. दहा दिवस जुनं पुणं आणि मग उरलेलं वर्षभर ट्रॅफिक.

पिनकोड४४०

यावर दिवसभर विचार करत होतो, ऑफिसमध्ये पण. लिहून बघतो.

जुनं टिकलं म्हणून नाही बहुतेक. म्हणजे इतवारीतले जुने जिने, लाकडी सज्जे बघून बरं वाटलं, नाही कसं म्हणू. पण तिथे अर्ध्या पाट्या या वर्षीच्या होत्या. ट्रम्पचं टॅरिफ माझ्या लहानपणीच्या नागपुरात कुठून येणार? मारबतीला दरवर्षी नवीन काहीतरी बिघडलेलं लागतं. शहर बदललंच नाही तर बडग्या कशाचा करणार, तोच तो १८८१ चा करावा लागेल. ऑरेंजबर्फी यांच्या सोसायटीत तर परंपरा बिरंपरा काही नव्हती, पूर आला आणि बडग्या झाला.

मी वर्षभर जी कुरकुर करत होतो ना, ती एकट्याने करत होतो. गाडीत बसून, काचा वर करून. पुलाला शिव्या, धुळीला शिव्या, आणि वर 'हे शहर आता आपलं राहिलं नाही' असा निष्कर्ष. इतवारीत पाहिलं तर सगळेच चिडलेले आहेत! जे कधी सोडून गेले नाहीत, ज्यांच्या दुकानासमोर खोदून ठेवलंय, ते माझ्यापेक्षा जास्त चिडलेले. पण ते चिडून बांबू चिरून राहिले, कागद चिकटवून राहिले. मी चिडून गुगल मॅप्सवर रिव्ह्यू लिहीत होतो.

परक्या गावावर माणूस असा चिडत नाही. पुण्यात वीज गेली की मी ऍपवर तक्रार टाकून झोपायचो. इथे वीज गेली की गॅलरीत येऊन ओरडतो.

शून्यमैल

मी पण लिहितो, वाचनमात्र होतो.

आमचं किराणा ओळीत दुकान, तिसरी पिढी. मारबतीच्या दिवशी धंदा शून्य, शटर अर्धं, आत आम्ही बसून चहा. लोकांना वाटतं व्यापारी वैतागत असतील. वैतागतोच. पण गेली दोन-चार वर्षं एक पाहतोय, मेट्रो झाल्यापासून या दिवशी असे लोक येतात जे वर्षभर इतवारीत पाऊल टाकत नाहीत. पार्किंग नाही म्हणून यायचे बंद झालेले. २०२२ च्या डिसेंबरात सीए रोडची लाइन सुरू झाली तेव्हा आमच्या वडिलांनी तोंड वाकडं केलं होतं, खांबांनी रस्ता खाल्ला म्हणून, बांधकामाच्या काळात गिऱ्हाईक तुटलं ते खरंच होतं. आता मारबतीला दुपारी दोन-तीननंतर गर्दी पांगली की हेच मेट्रोवाले लोक ओळीत फिरतात, भाव विचारतात, 'अरे इथे अजून मिळतं का' म्हणतात. घेत काही नाहीत बहुतेक, पण विचारतात. या वर्षी एका गृहस्थांनी वडिलांना ओळखलं, चाळीस वर्षांपूर्वी त्यांचे बाबा आमच्याकडून महिन्याचं सामान भरायचे. वडिलांनी खातं किती बाकी होतं ते सुद्धा सांगितलं. दोघं हसले. पैसे मात्र दिले नाहीत त्यांनी 😄

खांबांवरचा राग वडिलांचा अजून गेलेला नाही. मेट्रोत बसून डॉक्टरकडे जातात आणि खिडकीतून खाली बघून शिव्या देतात.

कागदोपत्री

शून्यमैल, तुमच्या वडिलांवर स्वतंत्र धागा काढा.

लेकुरवाळी

बेंगळुरूहून लिहितेय. तान्ह्या पोळ्याबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही! माझा नंदी अजून आईकडे आहे, एक शिंग मोडलेला. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये यंदा आम्ही नागपूरच्या चार कुटुंबांनी तान्हा पोळा केला, नंदी ऑनलाइन मागवले, एकाला चाकं उलटी लागून आली. कन्नड शेजाऱ्यांनी बोजारा म्हणून मुलांना चॉकलेटं दिली, मुलं म्हणाली पैसे द्या. फार लाज वाटली आणि फार आनंद झाला. मारबत मात्र इथे काढता येणार नाही, वॉचमनच थांबवेल.

इतवारीकर

वॉचमनचाच बडग्या करा.

चिंच_बोर

मी परत आले. काल जरा चिडून लिहिलं होतं, मागे घेत नाहीये काही. पण एक सांगायचं राहिलं. यंदा मी माझ्या लेकीला घेऊन गेले होते. ती अकरा वर्षांची. ती गच्चीवर थांबेना, मला खाली जायचं म्हणाली. मी, नवरा, माझा भाऊ, असं तिला मध्ये घालून खाली उतरलो, भांडे ओळीच्या कोपऱ्यावर उभे राहिलो, जिथे जरा ओटा उंच आहे. तिला पुतळ्यांपेक्षा पाट्या वाचायच्या होत्या आणि मी निम्म्या पाट्यांवर तिचे डोळे झाकत होते. मग पिवळी आली तेव्हा सगळे 'घेऊन जाय गे' ओरडायला लागले आणि ही पण ओरडली, काय तर 'घाणेरड्या पाट्या घेऊन जाय गे मारबत!' बाजूचा एक पोट्टा, हातात तसलीच पाटी घेऊन नाचत होता, तो थांबला, पाटी उलटी केली आणि कोरी बाजू पुढे धरून नाचायला लागला.

पुढच्या गल्लीत परत सरळ केली असेल म्हणा. पण आमच्यासमोर उलटी होती.

वैनगंगा

पोरगी हुशार आहे! मारबतीला मारबतीतलंच काहीतरी घेऊन जायला सांगितलं.

सदाशिव_पेठी

पुढच्या वर्षी यायचं म्हणतोय. कधी असते, कुठे उभं राहायचं, काय खायचं, सविस्तर सांगा. आणि लेन्स घेऊन यावी का?

शून्यमैल

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२६ ला, अधिक महिना आहे, जेठ, त्यामुळे पोळा सप्टेंबरात जाईल, कॅलेंडर बघून तिकीट काढा. गाडी आणू नका, मेट्रोने सीए रोडला उतरा आणि लोक जातात तिकडे चाला. सकाळी लवकर या. काळी-पिवळीची भेट पाहायची तर नेहरू पुतळा, पण तिथे श्वास घ्यायला जागा नसते, त्यापेक्षा ओळीतल्या एखाद्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहा, कोणी नाही म्हणत नाही. आमच्या दुकानात चहा आहे. परतताना चितार ओळीतून जा, तिथे त्या दिवशी गणपती अर्धे रंगवलेले असतात, कुणाला डोळे आहेत, कुणाला नाहीत, दोन-तीन दिवसांवर चतुर्थी, कारागीर मान वर करून बघत पण नाहीत. तिथे लेन्स काढा. मारबतीत काढू नका, गुलालात जाईल.

इतवारीकर

खायाचं म्हणसान तं सकाळी तर्री पोहे. चण्याची तर्री वरून मागून घ्यायची, लाजायचं नाही. सावजी रात्री. पहिल्यांदाच खाणार असान तं आधी थोडी चाखून पाहा. पुण्यात तुम्ही ज्याले तिखट म्हणता ते आम्ही लेकराले देतो.

सदाशिव_पेठी

अपमान सहन करून येतो.

पिनकोड४४०

मी पण आता नुसतं पाहायला येणार नाही. इतवारीकर भाऊ, तुमच्या गल्लीत बडग्या बनवताना मला घ्याल का? विषय पण आहे माझ्याकडे, सिमेंट रोडखाली गेलेला ओटा आणि त्यावर बसून पेपर वाचणारे आजोबा, पाणी गळ्यापर्यंत. नाहीतर इंदोरा ते दिघोरी पुलाच्या कामाची धूळ खाणारा माणूस.

इतवारीकर

आजोबाचा बडग्या नाही होत भाऊ. ज्याच्यावर राग आहे त्याचा करायचा, ज्याच्याबद्दल वाईट वाटते त्याचा नाही. रोडचा करा. रोडले तोंड, हात, पाय लावा, घराच्या डोक्यावर बसवा.

पण विषय सगळेच आणतात. बांबू चिराले येते का?

पिनकोड४४०

नाही.

इतवारीकर

बोरा शिवता येते?

पिनकोड४४०

नाही हो.

इतवारीकर

मंग तणस भरा. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून, रात्री जेवण झाल्यावर, आमच्या बोळीत. अंगाले खाज सुटते, जुने कपडे घालून या.

चिंच_बोर

मला बांबू चिरता येतो. आजोबा सुपं-टोपल्या विणणाऱ्यांच्या शेजारी राहायचे, लहानपणी शिकले. बायकांना घेता का तुमच्या बोळीत?

इतवारीकर

वैनी तुम्ही तं नक्की या. अन् पोरीलेही आणा, पाट्या तिलेच लिहू द्या, म्हणजे भानगडच नाही.

कागदोपत्री

पाट्यांचं शुद्धलेखन मी तपासून देऊ का? यंदा 'भ्रष्टाचार' तीन प्रकारे लिहिलेला पाहिला.

इतवारीकर

भाऊ, पाटी संध्याकाळपर्यंत जळून जाते. तुम्ही बी तणसच भरा.